एक्सपेक्टिंगचा अर्थ

हसायचं नाही, तर सांगते. मी डहाणूत प्रसूतिगृहात आया आहे. आमच्याकडे एक्सपेक्टिंग म्हणजे पोटुशी बाई, दुसरा अर्थ मला ठाऊकच नव्हता. एकदा नवरा अंघोळीला गेला होता आणि त्याच्या मोबाइलवर ‘चिखले मॅडम’चा मेसेज आला, ‘आय ॲम एक्सपेक्टिंग यू टुडे.’

माझ्या अंगाची आग झाली. फ्रिज दुरुस्तीच्या नावाखाली हा सारखा चिखले गावाला पळायचा! तो निघाला तशी मी गाडीवर मागे बसले.

“तू कुठे?”

“मॅडमना बघायला.”

बंगल्याचं दार काठी टेकत आलेल्या एका आजींनी उघडलं. “या, तुमचीच वाट बघत होते. मेसेज मिळाला ना? फ्रिज परत बंद पडलाय.”

एक्सपेक्टिंग म्हणजे नुसती वाट बघणंसुद्धा, हे मला तिथे दारात कळलं. परतताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला, की गाडी बाजूला घ्यावी लागली. माझी जळजळ मात्र जाईना. आजी झाली तरी बाईच, आणि वाट बघते तीही इंग्रजीत!

मी विचारलं, “माझी कधी अशी वाट बघितलीत?”

“कशी बघणार? तू मला एकटं सोडतेस कुठे?”