वाघाचं सोंग

मुरबाडच्या स्टँडवर कल्याणची गाडी काही केल्या येईना, आणि नम्रताच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याची नजर पलीकडच्या तरुण मुलीच्या पायाशी ठेवलेल्या चंदेरी मुखवट्यावरून हलेना.

“गो पोरी, मुखवटा पायाशी ठेवत नाय. आन इकडं, मांडीवर घेतो.”

“फोमचा आहे, बाबा. मीच बनवला.”

“कोनाचं सोंग?”

“दुसऱ्या ग्रहावरच्या सेनापतीचं. तिच्या ग्रहावर सूर्यच नाही, म्हणून हे बटण दाबलं की डोळ्यांत दिवा लागतो. बघा! मुंबईत मेळा असतो, सगळे आवडत्या पात्राचं सोंग घेऊन येतात. घरचे म्हणतात, घोडी झाली तरी खेळणी सुटत नाहीत.”

“मंग आमचा बोहाडा काय हाय? आमी मुखवटे चढवून रातभर नाचतो, लोक पाया पडतात. वाघाचं सोंग आमच्या घराण्याचं. आदी बापानं घेतलं, आता मी.”

“तुमच्यामागे?”

“पोराला लाज वाटते. नातीला लय हौस. पन बाईमानसानं सोंग घेतल्यालं नाय आजवर.”

“घ्यायचं नाही, असं कोणी सांगितलंय?”

गाडी लागली. नम्रता उठली, पण पाऊल न उचलता तशीच उभी राहिली. म्हाताऱ्याने मुलीचा मुखवटा मांडीवर घेतला आणि उलटा करून आत बोट फिरवलं.

“डोक्याला ढिला नाय होत?”

“आतून फोमची पट्टी लावलीय ना.”

“मंग तसली एक पट्टी मला दे. वाघाचा मुखवटा माज्या मापाचा हाय. नातीचं डोकं लहान.”