पाणी बघायचं काम

नाही, नाही, सासरे सुखरूप आहेत, आधी तेवढं सांगून टाकते, घरी शेगडीपाशी बसून सूप ओरपतायत आणि येईल त्याला सांगतायत, लॉरेटाने माझा मासा घालवला... मासा घालवला म्हणे! माणूस वाचला, त्याचं काही नाही. आणि मी कोण हो? मी शाळेची बस चालवते, मला माशातलं काय कळतं? माझं काम एकच होतं, पाणी बघायचं.

झालं काय, आमचे हे, हॉलिस, दर शनिवारी बाबांना धरणाखाली नदीवर नेतात. एप्रिलमध्ये बाबांच्या छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बजावलं, एकटं जायचं नाही. आणि ऐन ऑक्टोबरात ह्यांनी मनगट मोडून घेतलं, पन्हाळीतली पानं काढायला शिडीवर चढले होते. मग उरलं कोण? तुम्हाला सांगते, लग्नाला चौदा वर्षं झाली, चौदा वर्षांत म्हातारा माझ्याशी जेवढं बोललाय ते बोटांवर मोजावं, आणि त्यातलं निम्मं 'मीठ दे'. निघताना हे म्हणाले, "लॉरेटा, तुला काही करायचं नाही. काठावर बसायचं, पाणी बघायचं. वीज करायला धरणातून पाणी सोडलं की अर्ध्या तासात कमरेवर येतं. बाबांना कोरडं परत आण म्हणजे झालं." धरणाच्या माहितीच्या फोनवरच्या टेपने सांगितलं, चारपर्यंत पाणी सोडणार नाही, वेळ बदलू शकते. ते शेवटचं वाक्य टेप रोजच म्हणते, कोण ऐकतंय?

आणि हा चौदा वर्षं न बोललेला माणूस गाडीत बसला तो सुरूच! "पाणी उतरलेलं असलं की ट्राउट मासा बिचकतो, लॉरेटा. गळाचा दोरा, तंगूस, केसाएवढा बारीक पाहिजे आणि माशी तांदळाच्या कणीएवढी." माशी म्हणजे खरी नव्हे हो, गळाला दोरा नि पीस गुंडाळून केलेली, ती मला चष्म्यातूनही दिसत नाही आणि माशाला म्हणे दिसते. "माशी वाहिली पाहिजे, ओढली नाही पाहिजे. प्रवाहाने दोराला पोट आलं, झोल पडला, की उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं. आणि ते फिकट, झाडून काढल्यासारखे गोटे दिसतील ना, तिथे या दिवसांत माद्या अंडी घालतात. तिथे पाय द्यायचा नाही, तिथल्या माशावर गळ टाकायचा नाही. टाकणाऱ्याला मी घरात घेत नाही." मी म्हटलं, बरं बाबा. मला काय, माझं काम एकच, पाणी बघायचं.

पोचलो. बाबांनी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, आणि मला म्हणतात, "अर्धा पाण्याबाहेर असलेला एक दगड धर. त्याच्यावर नजर ठेव. तो बुडायला लागला की ओरड." असं म्हणून कानातलं यंत्र काढलं आणि गाडीत ठेवलं, भिजायला नको म्हणून. मी विचारलं, "बाबा, मग मी ओरडलेलं ऐकणार कशाने?" ते त्यांना ऐकू आलं नाही.

गेले, बाळंतिणीची खोली असल्यासारखे त्या फिकट गोट्यांना वळसा घालत, मधल्या गोट्यांच्या बेटावर जाऊन उभे राहिले. आता दगड बघायचा म्हणजे, अहो, सगळे दगड सारखे, करडे, जरा डोळा हलला की आपला कुठला तेच कळेना... तेवढ्यात मला एक छान जाडजूड ओंडका दिसला, कडेलाच, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. म्हटलं, हा बरा, हा लक्षात राहील. दर दहा मिनिटांनी बाबा मान वळवून विचारायचे, काय? मी ओंडका बघायची, अर्धा बाहेर. अंगठा वर करून दाखवायची, सगळं ठीक. बारा वेळा अंगठा दाखवला मी, बारा वेळा! धरणावर भोंगा वाजतो म्हणतात, वाजलाही असेल, वारा उलटा होता.

आणि मग एकदम बाबांचा आवाज, "लॉरेटा, लागला!" गळाची काठी ही अशी वाकलेली. मी उठून बघतेय, तर माझ्यासमोरून आमचा जेवणाचा निळा डबा निघाला. अंड्याची सँडविचं, कॉफी, सगळं त्यात. तरंगत. मी ओंडक्याकडे बघितलं, अर्धा बाहेर. डब्याकडे बघितलं, चाललाय. पाणी जागच्या जागी आहे, मग डबा कुठे निघाला? आणि तेव्हा, अहो, मी रोज बेचाळीस पोरं सुखरूप घरी उतरवणारी बाई, तेव्हा मला कळलं की लाकूड तरंगतं.

खोटं कशाला बोलू, भीती वाटली. हॉलिसला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. घातली उडी जीन पँटसकट. पाणी असलं गार की शिवी अर्ध्यावर गोठली. बेटाचं नाव नाही, बाबा मांडीएवढ्या पाण्यात, आणि चेहऱ्यावर हसू! "पाणी चढतंय, लॉरेटा, म्हणून तर लागला! चढत्या पाण्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत मोठा बाहेर पडतो." म्हणजे म्हाताऱ्याला कळलं होतं! मी त्यांच्या कानात ओरडले, "मग निघाला का नाहीत?"

"तू अंगठा दाखवलास ना. म्हटलं वेळ आहे. दोन मिनिटं दे, सहा वर्षं मागे आहे मी ह्याच्या."

"दोन मिनिटांनी तुम्ही आईंना भेटाल, वर."

"मासा दाखवल्याशिवाय तिला पटायचं नाही."

काय करणार? तंगूस दातांत धरला आणि तोडला. काठी सरळ झाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, असं बघितलं की मला वाटलं आता हेच मला बुडवतात. पण नाही. माझा दंड धरला आणि म्हणाले, "वरच्या अंगाला तोंड कर. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. समोर नाही जायचं, तिरकं, खालच्या बाजूला." पाणी माझ्या बरगड्यांना. एकदा पाय सुटला माझा, तर छाती शिवलेल्या त्या माणसाने मला एका हाताने उभं केलं. आणि काठ दहा पावलांवर आलाय, जीव मुठीत आहे, तर म्हणतात, "लॉरेटा, डावीकडून. अंडी आहेत तिथे." गेलो डावीकडून! सांगणार कोणाला?

काठावर बसवलं आणि आधी त्यांच्या छातीवर हात ठेवला. ठक ठक चालू होतं. माझा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला, तिथेच रडले मी, भोकाड पसरून. मग त्यांनी विचारलं, "दगड कुठला धरला होतास?" मी बोट दाखवलं. ओंडका वळणावरून निघून चालला होता. बाबांनी बघितलं आणि हसायला लागले, ठसका लागेपर्यंत हसले, आणि मी पण, नाक पुसत. माझं काम एकच होतं, पाणी बघायचं, आणि ते सोडून मी सगळं केलं.

घरी आल्यावर बाबांनी ह्यांना सांगितलं, "तू मनगटाला सावकाश जप. मी आता लॉरेटाबरोबर जाणार. ती पाण्यात उतरते." काल तर दुकानात जाऊन माझ्या मापाची रबरी विजार घेऊन आले. माझा वाढदिवस चौदा वर्षांत ज्यांच्या लक्षात राहिला नाही, त्यांनी माप बरोब्बर आणलं, आता त्याला नाही कसं म्हणू? मी मनाची समजूत घातली, म्हटलं, जाऊ दे, महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे, एकदा थंडी पडून नदी गोठली की सुटले. ह्यांना तसं म्हटलं, तर हे हातातलं प्लास्टर खाजवत म्हणाले, "लॉरेटा, धरणाच्या तळचं पाणी आहे ते. ती नदी गोठत नाही."