फोटोसाठी पडेल चेहरा

— नाही हो, हे असं नाही जमायचं. खिडकीकडे बघा म्हणालात, बघितलं. केस विंचरू नका म्हणालात, तेही ऐकलं. आता म्हणता चेहरा जरा पडेल ठेवा. का? माझं काय गेलंय? नाक गेलंय, घरातलं माणूस नाही गेलं कुणी. किळस येते मला या प्रकाराची — तुमची नाही, तुम्ही पडलात फोटोवाले, सुनेच्या संस्थेनं पाठवलं म्हणून आलात.

म्हातारपणी वास का येईनासा होतो आणि रोज सराव केला तर तो परत येतो का — एवढंच शोधायचंय माझ्या सुनेला. साधा, सरळ प्रश्न. मागे दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं, आणि मी शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसलेली. तेव्हापासून हे तिच्या डोक्यात बसलंय. उद्या अनुदान देणाऱ्या समितीपुढे मांडायचंय. तर त्याआधी तिच्या विभागात रंगीत तालीम झाली म्हणे, आणि तिचे साहेब म्हणाले, पहिल्या मिनिटालाच लोकांना गलबलून यायला हवं, प्रश्न काय तो नंतर सांगा. म्हणजे आधी बिचारी सासू दाखवायची, मग विज्ञान. शी. दोनदा नकार पचवलाय तिनं, म्हणून मुकाट बसलेय मी इथे, नाहीतर कॅमेऱ्यासकट बाहेर काढलं असतं तुम्हाला — रागावू नका हं.

आणि बिचारी कसली? मी तर बरी झालेय. रोज सकाळी ती चार बाटल्या हुंगायला देते. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. आधी एक ओळखेन तर शपथ, आता चारही सांगते. उद्या ती तेच सांगणार आहे, घरात करून पाहिलं आणि फरक पडला. सगळा डोलारा त्यावरच उभाय तिचा.

कशी ओळखते? नाकानं, आणखी कशानं — म्हणजे निलगिरी काय, ती झोंबतेच, वास येत नसला तरी कळते. लिंबाची बाटली पुढे करताना तिच्याच तोंडाला पाणी सुटतं, गळा हलतो. गुलाबाला कपाळ सैल पडतं. राहिली लवंग. इतकी वर्षं एका घरात काढली, सुनेचं तोंड सासूला वाचता येणार नाही तर कुणाला — हसताय काय? एवढी शिकलेली बाई, बाटली आपणच धरू नये, आपणच समोर बसू नये, हे तिच्या ध्यानात यायला नको? आणि उत्तर बरोबर आलं की अशी खुलते हो ती. त्या नकारांनंतर हसायचीच बंद झाली होती. मग मी काय सांगायचं होतं — लिंबू नाही, गुलाब नाही, नुसती गार हवा येतेय म्हणून? साहेबांना नावं ठेवतेय मी, त्यांनी निदान फोटोच मागितला. माझी मलाच शिसारी येते कधी कधी.

हे तिच्या कानावर घालायचं नाही, सांगून ठेवते. उद्याचं होऊन जाऊ दे. अनुदान मिळालं की ती आणखी कितीतरी जणांवर करून बघेल, त्यात कुणाचं तरी नाक खरंच येईल की परत. येईल ना?

असं नाक का मुरडताय? माझ्या बोलण्याची एवढी — नाही? मग माझ्या मागे काय बघताय?

दूध. तुमच्याच चहासाठी ठेवलं होतं.

अगं, तू — तू कधी आलीस घरी? गॅस तूच बंद केलास का? कधीपासून उभी आहेस तिथे?

तुम्ही कशाला सामान आवरताय? असाच हवा होता ना माझा चेहरा? काढा फोटो. काढा, आणि निघा.