पाण्यातल्या वेलीला पाणी

शिवणकाम करणारी बाई भावाची औषधं घ्यायला दवाखान्यातल्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, सोबत त्यांचा मुलगा. दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“बाबा, आई आज घरी येणार. तिच्या मनीप्लांटचं काय?”

“सकाळी बघितलं. बाटलीतल्या पाण्याला वास मारतोय. मुळं पार काळी पडलीत.”

“तुम्ही पाणी बदललं नाहीत?”

“अरे, झाड पाण्यातच आहे. त्याला आणखी काय पाणी घालायचं, असं वाटलं मला.”

“मग टाकून द्या. वाटेत नवीन घेऊ. तिला कळायचंही नाही.”

“तिला? पान न् पान ओळखते ती.”

“मग आता?”

“शेजारणीला विचारलं. सडलेली मुळं कापली, बाटली घासली. एकच फांदी हिरवी उरली होती, ती ताज्या पाण्यात ठेवलीय. जगली तर जगली.”

“मीही त्या बाटलीशेजारीच बसून चहा प्यायचो की.”

“इतकी वर्षं ती पाणी बदलत होती. मी एकदाही पाहिलं नाही रे.”

तेवढ्यात नर्सने त्यांच्या बायकोला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं.

“वेलीचं पाणी बदलत होतात ना?”

“आज बदललं. आजच.”

“वाटलंच मला. घरी चला, कसं करायचं ते दाखवते. पुढे मी नसले, तर...”

“दाखव. पण तसलं बोलू नकोस.”

“बोलायला नको का कधीतरी?”

रांग पुढे सरकली. म्हातारे जागचे हलले नाहीत. शिवणकाम करणारी बाईही त्यांच्यामागे तशीच उभी राहिली.