नेरे येथील वरच्या खोलीचा खटका

मी, पियूष दिगंबर ठोसर, वय २९, धंदा संगणक अभियंता, राहणार नेरे, ता. मुळशी, मूळ गाव कारंजा, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी दोन वर्षांपासून धोंडाबाई कोंडिबा जांभूळकर, वय ७४, यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो. त्या खाली एकट्या राहत, मी वर एकटा. कंपनीचे काम मी खोलीतूनच करतो.

महिनाभर मी एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक, तपासत होतो. त्याचा गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, अधूनमधून अडकत होता. कुठे अडकतो ते मशीन चालू ठेवून, बाहेरून त्याची मेमरी वाचून शोधावे लागते. वीज गेली की मेमरी पुसली जाते आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

धोंडाबाईंचे गुडघे गेलेले, जिना चढवत नसे. चहाला बोलवायचे झाले की त्या जिन्याखालचा माझ्या खोलीच्या विजेचा खटका खालीवर करत. मी चिडून खाली गेलो की म्हणत, "तुजं मशीन मेल्याबिगर तू खाली येत न्हाईस बग." दिवसभरात माझ्याशी बोलणारे दुसरे कोणी नव्हते, हेही लिहून घ्यावे.

दोनदा काम वाया गेल्यावर ३ जानेवारीला मी यूपीएस बसवला, वीज गेली तरी मशीन चालू राहावे म्हणून. वीज गेली की वाजणारी त्याची पिपाणीही बंद केली. त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितले नाही. तेव्हापासून चार वाजता आपणहून चहाला जायचो.

दि. १६ जानेवारी रोजी दुपारी मी काम करत होतो. थंडीमुळे पंखा बंद होता. ३.२६ वाजता चूक सापडली. एकट्यानेच टाळी वाजवली. ४.०५ वाजता खाली गेलो तर धोंडाबाई खटक्याखाली भिंतीला टेकून बसलेल्या. हाक मारली, बोलल्या नाहीत. त्यांचे चिरंजीव बापूसाहेब यांना कळवले. डॉक्टरांनी हृदयविकाराने मृत्यू झाल्याचे सांगितले.

त्यांनी फोन का केला नाही, असे विचारता सांगतो की, मोबाइल त्यांच्या कनवटीलाच होता. फोनवर मी नेहमी "आजी, कामात आहे, नंतर बोलू" म्हणायचो. खटक्याला मात्र हमखास खाली यायचो.

यूपीएसच्या नोंदीत ३.१२ ते ३.३८ दरम्यान वीज नऊ वेळा गेली व आली, असे दिसते. नोंद सोबत देत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. बाकी सर्व मी सांगितल्याबरहुकूम आहे. "वीज नऊ वेळा गेली व आली" या ठिकाणी "धोंडाबाईंनी मला नऊ वेळा बोलावले" असे लिहावे. तेवढी दुरुस्ती झाल्यावर मी सही करतो.