सुपातली रिकामी जागा

फादर म्पुंडू : म्हणजे बिशपांनी पाठवलेल्या तीन अभ्यासक्रमांत तुमचा कौल त्या जाड्या पुस्तकालाच.

क्रिस्पिन मास्तर : त्यालाच, फादर. शंभर प्रश्न, शंभर उत्तरं. तो मोबाइलवरचा अभ्यासक्रम घेऊन मी काय करू? इथे सिग्नल मिळवायला त्या उंच वारुळावर चढावं लागतं. तिसरा तो चित्रांचा, तो लहान मुलांना ठीक. मोठ्या माणसांना धर्मात घ्यायचं तर पुस्तकच हवं. कालची परीक्षा तुमच्यासमोरच झाली. पाच बायका, एकीलाही वाचता येत नाही, आणि उत्तरं कशी घडाघडा दिली.

फादर म्पुंडू : तेच डोक्यातून जात नाहीये. मी विचारलं, देव एक की तीन? ती लंगडणारी बाई म्हणाली, ‘चुलीला दगड तीन, पण जाळ एकच. एक दगड काढा आणि बघा भांडं राहतं का.’ हे पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे?

क्रिस्पिन मास्तर : पान असं नाही... शिकवताना मी जरा सोपं करून सांगतो.

फादर म्पुंडू : हे तुम्ही सांगितलंत?

क्रिस्पिन मास्तर : असेल सांगितलं. बोलण्याच्या भरात माणूस काय काय सांगून जातो.

फादर म्पुंडू : आणि बाप्तिस्म्याचं विचारलं तर पाचही जणी तिथेच अडल्या.

क्रिस्पिन मास्तर : ते मलाही कोडंच आहे. त्यावर बारा पानं आहेत, मी दोनदा वाचून दाखवली.

फादर म्पुंडू : बरं, त्या सहाव्या आजी? बानाकुंदा?

क्रिस्पिन मास्तर : तिचं काय सांगू. दोन वर्षांत एक वर्ग चुकवला नाही, पण खिडकीखाली बसून डोळे मिटायची. झोपायचीच म्हणा. काल तुम्ही एवढं गोडीनं विचारलंत, तरी तोंड उघडलं नाही. बिशपांच्या पत्रात स्पष्ट आहे, ज्याला उत्तरं येत नाहीत त्यानं पुन्हा दोन वर्षं बसायचं.

फादर म्पुंडू : चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत त्या. दोन वर्षं म्हणजे थट्टा आहे का?

क्रिस्पिन मास्तर : मला वाईट वाटत नाही का? पण तरुणपणीही तिला असंच परत पाठवलेलं. ती नाचिंबुसा ना. मुलगी वयात आली की तिला घरात बसवून, मातीच्या वस्तू दाखवून, गाणी म्हणून संसार शिकवायचा, हे तिचं काम. तेव्हाच्या फादरांनी तिच्या गुरूबाईची सगळी माती दारात फोडली आणि हिला म्हणाले, हे सोडशील तेव्हा ये. ती गेली ती पन्नास वर्षांनी उगवली. आणि ही बघा, इकडेच येतेय. डोक्यावर सूप कसलं घेतलंय?

बानाकुंदा : बसू का, फादर?

फादर म्पुंडू : खाली नको आजी, खुर्ची घ्या.

बानाकुंदा : मातीचं काम जमिनीवरच होतं. काल मी गप्प बसले, तुम्हाला राग आला असेल.

फादर म्पुंडू : राग नाही आला. वाईट वाटलं. येत नव्हतं का?

बानाकुंदा : माझ्या पोरींच्या देखत विचारलंत. शिकवणारी शिकणाऱ्यांसमोर परीक्षा देत नाही, आमच्यात तशी रीतच नाही.

क्रिस्पिन मास्तर : पोरी कुठल्या, माय?

बानाकुंदा : त्या पाच जणी. तू चांगलं वाचतोस रे. मी डोळे मिटून सगळं ऐकायचे. मग त्या माझ्या अंगणात यायच्या आणि म्हणायच्या, मास्तर काय म्हणाला ते काही कळलं नाही.

क्रिस्पिन मास्तर : काहीच नाही?

बानाकुंदा : आवाज मात्र छान आहे म्हणायच्या. तोंड पाडू नकोस. तुझ्या बायकोला मीच शिकवलंय, जाऊन विचार तिला, माझ्या हातचं कोणी विसरतं का.

(ती सुपावरचं फडकं काढते. वारुळाच्या मातीच्या वस्तू, पांढऱ्या आणि तांबड्या ठिपक्यांनी रंगवलेल्या, ओळीनं मांडलेल्या.)

क्रिस्पिन मास्तर : अरे देवा. चुलीचे तीन दगड.

बानाकुंदा : जे फादर ही माती फोडायचे ते गेले. तुम्ही फोडणार असाल तर फोडा. पण एकेक ऐकून मग फोडा.

फादर म्पुंडू : मी हातही लावणार नाही, आजी. तुम्ही सांगा. हे काय, मक्याच्या पिठाच्या उबवालीचा गोळा?

बानाकुंदा : हो, ही प्रभुभोजनाची भाकर. एका ताटात एकच गोळा. कडेला बोटांचे ठसे आहेत बघा, सगळ्यांनी तोडलंय. जो इथून खातो तो परका राहत नाही. भांडून आला असेल तर आधी हात धुऊन यावं लागतं.

फादर म्पुंडू : आणि हे वारूळ?

बानाकुंदा : ते तिसऱ्या दिवसाचं, येशू मेलेल्यातून उठला त्या. वारूळ कसं मेल्यासारखं पडलेलं असतं. माणसं त्यावर पाय देऊन जातात. मग एका सकाळी आतल्या वाळवीला पंख फुटून सगळं वर येतं, आभाळ भरून. त्याचं गाणं आहे, ‘मेलं म्हणून पाय दिलास, आता डोक्यावरून उडालं बघ.’

फादर म्पुंडू : मास्तर, ऐकलंत? आठ वर्षं मी हेच शिकलो, तीन भाषांत शिकलो. अंगणात बसून हे कोणी माझ्या हातात ठेवलं नव्हतं.

क्रिस्पिन मास्तर : आणि मी म्हणत होतो म्हातारी झोपते. लाज वाटते, फादर. बिशपांना काय लिहू? कुठला अभ्यासक्रम निवडला म्हणून?

फादर म्पुंडू : लिहा की क्रिस्पिन मास्तर वाचतात आणि बानाकुंदा शिकवतात. दोन्ही लागतं. आजी, हे सूप मी बिशपांना दाखवायला नेऊ?

बानाकुंदा : नाही. शिकवून झालं की हे नदीत सोडायचं. माती पाहून आठवलं तर ते शिकणं कसलं? पुढल्या खेपेला त्या पाच जणी आपल्या हातानं करतील.

फादर म्पुंडू : मग इथे ही एक जागा रिकामी का? काही पडलं का वाटेत?

बानाकुंदा : पडलं नाही. ती बाप्तिस्म्याची जागा.

क्रिस्पिन मास्तर : म्हणून अडल्या त्या पाचही जणी. माझी बारा पानं...

बानाकुंदा : जे माझ्या अंगावरून गेलं नाही ते मी दुसरीला शिकवत नाही. लग्न झालं नव्हतं तोवर मी कुणाला लग्न शिकवलं नाही. पाणी अजून माझ्या डोक्यावर पडलेलं नाही, फादर. ते कसं असतं, मला काय माहीत?

फादर म्पुंडू : ईस्टरला कळेल, आजी. पहिलं नाव तुमचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारुळाची माती घेऊन मी तुमच्या अंगणात येतो.

बानाकुंदा : चाळून आणा. खडे राहिले तर तडा जातो.