लिंबाजीचा आवा पेटेना

मंडळी, मला एक सांगा. बाई पोटुशी राहिली की सारं गाव तिला विचारतं – काय खावंसं वाटतं, चिंच आणू की आवळा? विचारायलाच हवं. पण तिच्या नवऱ्याला कोणी विचारतं का, बाबा रे, तुझा जीव कसा आहे? नाही! त्याला विचारतात – पेढे कधी?

तर ऐका. निमखेडला लिंबाजी कुंभार होता. – कुंभार म्हटल्याबरोबर माना डोलायला लागल्या तुमच्या. तो संत नव्हे हो! हा साधा, भित्रा, तुमच्या-माझ्यातला. बायको सारजा, पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. आणि नेमका तेव्हाच लिंबाजीने आवा पेटवायचा सोडला. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. चाक फिरतंय, मडकी घडतायत – भाजणं मात्र नाही! कच्ची मडकी अंगणात मावेनात, मग ओट्यावर, मग थेट रस्त्यावर. एसटी वळसा घालून जायची, आणि त्या वळशावर थांबा पडला. खोटं वाटतं? आमच्या मृदंगवाल्यांना विचारा, ते तिथेच उतरायचे.

अक्षय्यतृतीया आठ दिवसांवर. नव्या घागरीवाचून पितरांना पाणी कसं द्यायचं? बायका दारात येऊन उभ्या. लिंबाजीचं एकच उत्तर – "लाकडं ओली आहेत." चैत्राच्या उन्हात, मंडळी!

सारजाशीही बोलणं तुटलेलं. ती समोर आली की हा चाकाकडे बघे. तिच्या पोटाकडे तर नजरच नाही.

अशात सारजाचे वडील कोंडिबा तिला बाळंतपणाला न्यायला आले. तेही कुंभारच.

"जावईबापू, आवा का थंड?"

"लाकडं ओली आहेत, मामा."

कोंडिबांनी एक काटकी उचलली. कडकन मोडली. शेजारी बसले, तंबाखू मळली, अर्धी जावयापुढे धरली.

तिथे लिंबाजीचा बांध फुटला. "गेल्या खेपेला सगळ्यात देखणी घागर आतच तडकली, मामा. आवा लिंपून बंद केला की आत काय चाललंय दिसत नाही, हात घालता येत नाही. नुसतं बाहेर बसायचं. माझी आई माझ्याच वेळी गेली. आता सारजा... म्हणून ठरवलं, ती मोकळी होईपर्यंत आवाच नको. एकही मडकं तडकायला नको."

कोंडिबा जवळ सरकले. मग म्हणाले, "सारजाच्या वेळी मी रांजणात शिरलो होतो."

"रांजणात?"

"धान्याच्या. तिच्या आईचं कण्हणं ऐकवेना. शिरलो खरा, पण खांदे अडकले. इकडे सारजा जन्मली, तिकडे मी आत रडतोय. सुईण कान देऊन म्हणते, थांबा गं, अजून एक आहे वाटतं."

कितीतरी दिवसांत पहिल्यांदा लिंबाजी हसला.

"दगडाने रांजण फोडून काढलं मला. आजवर कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही."

दाराआड सारजा उभी. सगळं ऐकलेलं. बाहेर येऊन म्हणाली, "आणि मी समजत होते, तुम्हाला लेकरूच नकोय." त्याचा चिखलाने भरलेला हात उचलला आणि पोटावर ठेवला. आतून अशी लाथ बसली – लिंबाजी मागच्या मागे मडक्यांवर! सात फुटली.

"लागलं का हो?"

"नाही. पण भीती वाटतेच आहे."

"मलाही वाटते," सारजा म्हणाली. "मला एकटीला सोडू नका, म्हणजे झालं. त्या दिवशी दवाखान्यात यायचं."

त्याच दुपारी आवा पेटला. घागरी घरोघर गेल्या. दोन तडकल्या, एकीत लिंबाजीने तुळस लावली.

आणि तो दिवस आला. कोंडिबांनी घरातून निघण्याआधी काय केलं असेल? एकूणएक रांजण पालथे घातले! लिंबाजी दवाखान्याच्या बाकावर बसला, सासऱ्याचा हात धरून. पुष्कळ वेळाने नर्स बाहेर आली. "मुलगी आहे. दोघी सुखरूप." लिंबाजी रडला. सासरा त्याहून मोठ्याने. नर्स म्हणाली, "हळू, आत लेकरू घाबरेल."

सोडलात ना सुटकेचा श्वास? मीही सोडला. पण जाण्याआधी एक काम. मागे खांबाला टेकून बसलेले तुम्ही, ज्यांची कारभारीण माहेरी गेली आहे – हसताय, पण हाताची घडी काही सुटत नाही. शेजारच्याने त्यांना विचारावं, पेढ्यांचं सोडून. आणि सासरे मंडळींनी आपापला रांजण सांगून टाकावा. देव ऐकतो हो, पण त्याच्याआधी माणसाने ऐकलेलं त्याला आवडतं.

आणि घरी गेलात की कोठीतल्या रांजणावर एक टिचकी मारून बघा. आत कोणी बसलंय का.